पालथी घातलेली त्रेचाळीस पानं

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

माझ्या लेकीच्या, अनुष्काच्या, गेल्या वर्षीच्या गणिताच्या वहीत मागची बरीच पानं कोरी होती. ती वही टाकून देत होती, मी काढून घेतली. कोरं पान टाकायला माझा हात होत नाही. अप्पर हटच्या घरून वॉटर्लूच्या ऑफिसला जाताना आगगाडीत पंचवीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात लिहायचं. अक्षर हलतंय, पण वाचणारा मीच आहे.

लिहावंसं वाटलं ते एका पानामुळे. आमची संस्था घरासाठी कर्ज देते. गावाकडच्या पतसंस्थेसारखी सभासदांची, फक्त इथे न्यूझीलंडात चहाऐवजी कॉफी. आजपासून कर्जाच्या अर्जाला एक पान जादा जोडलंय. त्यावर वय, स्त्री की पुरुष, जन्म कुठला, आणि 'एथ्निसिटी'. याला मराठीत वंश म्हणावं की समाज, मला ठरवता येईना. हेड ऑफिसच्या बाईंनी स्क्रीनवरून समजावलं, की कर्ज मंजूर करणाऱ्यांना हे पान दिसणार नाही. ते वेगळ्या पाकिटात जाईल, आणि पुढे कुणीतरी मोजून बघेल, आपण कुठल्या लोकांना जास्त नाकारतो. कळत नकळत आपला हात कुणासाठी आखडतो का. उत्तर द्यायचं की नाही ही अर्जदाराची मर्जी. विचारणं मात्र सक्तीचं. आणि विचारायचं मी, समोर बसून.

हेतू चांगला आहे. तरी समोर बसून विचारणं मला नको वाटलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल पहिल्यांदा वेळ आली. सामोआ बेटांवरचं एक वयस्क जोडपं. ते पान आलं तसा माझा आवाज आपोआप खाली गेला. "हे ऐच्छिक आहे, नको असेल तर राहू द्या," असं म्हणून मी पान पालथं घातलं आणि बाजूला सरकवलं. म्हातारा हसला आणि पुढचं पान भरू लागला. कुणालाही न दुखवता काम झालं.

माणसाला तोंडावर "तू कुठला, कोणातला" असं विचारू नये. मी असाच वाढलो. चौदा वर्षांपूर्वी बायकोला, वसुंधरेला, इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, म्हणून साताऱ्याच्या बँकेतली कारकुनी सोडून मी तिच्यामागे आलो. तेव्हापासून हेच टेबल. ऑफिसात मला पॅट म्हणतात. श्रीपती त्यांच्या जिभेला जड जातं. ग्लेनिसने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, पहिल्याच आठवड्यात विचारलं, "पॅट चालेल ना?" चालेल म्हटलं.

आम्हा नोकरांनाही असंच एक पान भरायला दिलंय. माझं ड्रॉवरमध्ये ठेवलंय. सवडीनं भरीन.

बुधवार, १९ फेब्रुवारी

काल टीना वॉटसन म्हणून एक बाई आली. बालवाडीत शिकवते. गोरी, भुऱ्या केसांची, हसरी. नवरा बांधकामावर असतो. घरात तिची आई आणि भाऊही राहतात, चौघं मिळून घर घ्यायचं म्हणतात. कागद इतके नीट लावलेले होते की मला आमच्या बँकेतल्या जुन्या हेडक्लार्कची आठवण झाली.

ते पान आलं तेव्हा तिचा हात पेनासकट पुढे आला होता. पण मी तोवर पान पालथं घातलं होतं. अशा बाईला हे विचारून काय करायचं? चेहऱ्यावरच लिहिलंय की. तिनं पेन मागे घेतलं. मग म्हणाली, "ओके," आणि सही केली.

तिचं काम व्हावं. सकाळी मारुतीपुढे दिवा लावताना तिचं नाव मनात आलं. अर्जदारांची नावं अशी कधीकधी येतात.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काल इथल्या मराठी मंडळाची पाडव्याची बैठक प्रमोद गोखल्यांच्या घरी झाली. प्रमोद पुण्याचे, आयटीतले, मोठ्या पगाराचे आणि मोठ्या आवाजाचे. माणूस प्रेमळ. त्यांनी दुसऱ्या घरासाठी कर्जाचा अर्ज माझ्याचकडे दिलाय, "आपला माणूस" म्हणून.

गुढी कुणी उभारायची यावर बोलणं चाललं होतं. प्रमोद माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यंदा पवारांना मान. शहाण्णव कुळी माणूस आहे, काठी सरळ उभी राहील!" सगळे हसले. मीही हसलो. मी वाटाणे सोलत होतो. त्यांच्या सुखदावहिनींनी विचारलं, "तुमचं गाव नक्की कुठलं हो?" मी म्हटलं, "सातारकडचं," आणि वाटाणे धुवायला आत गेलो.

हसणं म्हणजे हो म्हणणं नव्हे. मी खोटं बोललो नाही.

शनिवार, ८ मार्च

गाडी नाही, घरीच लिहितोय, मागच्या पायरीवर बसून. काल ग्लेनिसनं आत बोलावलं. टेबलावर यादी होती. माझ्याकडचे अर्ज एकसष्ट. भरलेली पानं अठरा. कोरी त्रेचाळीस.

"पॅट, बाकी सगळ्या शाखांत दोन-चार कोरी आहेत. तुझ्याकडेच काय झालंय?"

मी म्हटलं, "ऐच्छिक आहे. लोकांनी नाही भरलं."

ती खुर्चीत मागे रेलली. तिला पासष्टावं लागलंय. बोलायला फटकळ, पण वसुंधरेचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर डबे पाठवणारी. म्हणाली, "ऐक. जुलैत आपली आणि पेटोनीची शाखा एक होणार. कर्जाच्या टेबलावर एकच माणूस राहील. तू राहावास असं मला वाटतं. पण एकतीस मार्चला माझ्याकडे एकही कोरं पान नको."

"लोकांना परत कसं बोलावू?"

"बोलवायचं कशाला? तू भेटलायस ना त्यांना? डोळे आहेत, आडनावं समोर आहेत. टिक कर, खाली सही कर आणि मोकळा हो."

खालची सही कशावर आहे ते मी तिला वाचून दाखवलं. 'ही माहिती अर्जदाराने स्वतः दिली आहे.'

"अरे, कोण बघतंय!"

मी म्हटलं, "मी नाही भरणार."

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मलाही माझाच आवाज ओळखीचा वाटला नाही. चौदा वर्षांत या ऑफिसात मी कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं, पॅटलासुद्धा.

बुधवार, १२ मार्च

टीना वॉटसनचा अर्ज नामंजूर झाला. कारण दिलंय, 'घरातील सदस्यसंख्येच्या मानाने खर्च अधिक संभवतो.' काल ती न कळवता आली. रडली नाही. खुर्ची ओढून बसली.

"आई आणि भाऊ कमावतात. त्यांच्या पगाराचे कागद मी दिले होते. ते खाणारी तोंडं म्हणून मोजलेत, कमावणारे हात म्हणून नाही. असं का?"

मी म्हटलं, मंजुरी माझ्या हातात नसते. खरंच नसते.

"मला माहितेय," ती म्हणाली. "म्हणून तर मला ते पान भरायचं होतं. तू पालथं घातलंस."

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्हाला..."

"काय वाटलं? बघून?" ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मी माओरी आहे, या देशातली मूळची. माझ्या आईलासुद्धा लोक जन्मभर बघूनच गोऱ्यांत टाकत आले. प्रत्येक फॉर्मवर ती त्यांची टिक खोडायची आणि स्वतःच्या हातानं लिहायची. आमच्यात तीन पिढ्या एका घरात राहतात, हे तुमच्या हिशेबात खर्च म्हणून येतं. किती जणांना असं नाकारलंत, हे कळायला कुणीतरी मोजायला हवं ना? त्या मोजण्यात तू मला येऊच दिलं नाहीस."

मी पान काढून दिलं. तिनं भरलं. अक्षर मोठं, शाळेच्या फळ्यावरचं. उठताना म्हणाली, "तू वाईट माणूस नाहीस. म्हणून जास्त राग येतो."

ग्लेनिसच्या सांगण्याप्रमाणे मी बघून टिक केली असती, तर टीना गोऱ्यांत गेली असती. आणि मी सही केली असती की हे तिनं स्वतः सांगितलं.

गुरुवार, १३ मार्च

नदीवर धुकं आहे. समोर बसलेला माणूस झोपलाय. आज एक जुनी गोष्ट लिहायची आहे. इतकी वर्षं ती कुठे लिहिलेली नाही.

मी सात वर्षांचा होतो. कालव्याच्या कामावर आमची पालं पडली होती, गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे. बाप दगड फोडायचा. आई गावातून टाकी-हातोडीनं पाटे-वरवंटे टाकवत फिरायची. गावात नवे गुरुजी आले होते आणि ते पालापालांतून पोरं गोळा करत होते. बाप मला घेऊन शाळेत गेला. दगड फोडायची सुतकी खांद्यावरच होती, कारण तसाच कामावर जायचा होता. गुरुजींनी नाव विचारलं. बाप म्हणाला, "श्रीपती मल्हारी पवार." गुरुजींनी मान वर केली, बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि रजिस्टरात पुढच्या रकान्यात काहीतरी लिहिलं. विचारलं काहीच नाही. बापाला वाचता येत नव्हतं.

गुरुजी देवमाणूस होते. पाटी त्यांनीच घेऊन दिली. आता वाटतं, सगळ्या पोरांसमोर विचारलं तर बापाला वाईट वाटेल, म्हणून त्यांनी विचारलं नसावं. आडनावावरून लिहून टाकलं. मराठा.

आम्ही वडार.

माझं त्यानं काही अडलं नाही. उलट सोपंच झालं. पुढे गावच्या हायस्कुलात, बोर्डिंगात, पंगतीत मला कुणी काही विचारलं नाही. पण माझ्या बहिणीचं, मंदाचं अडलं. ती माझ्याहून हुशार होती. आमच्यासारख्यांच्या मुलींसाठी तालुक्याला वसतिगृह होतं. तिथे पुरावा मागितला, तेव्हा बापानं माझा दाखला दिला, कारण घरात तेवढाच एक कागद होता. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, तुमची मुलगी यात बसत नाही. बाप वर्षभर कचेरीत फिरला. कचेरी म्हणाली, शाळेतून दुरुस्ती आणा. शाळा म्हणाली, गुरुजी बदलून गेले. तेराव्या वर्षी मंदाच्या हातात सुतकी आली.

अजून दर रविवारी तिचा फोन येतो. यावर ती कधी बोलत नाही. मीही नाही.

स्टेशन आलं.

शुक्रवार, १४ मार्च

वसुंधरेला काल सगळं सांगितलं, टीनाचं आणि ग्लेनिसचं. माझी जात तिला लग्नाआधीपासून माहीत आहे. मंदाची गोष्टही. ती भाजी चिरत होती, चिरायची थांबली.

"अहो, ते पान पालथं घालताना तुम्ही कुणाला जपत होता?"

"अर्जदारांना. दुसऱ्या कुणाला?"

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा चिरू लागली.

तिला काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलं नाही. पण रात्रभर ते 'बरं' कानात होतं. सकाळी मारुतीपुढे बसलो तेव्हाही होतं. हा मारुती बापानं घडवलाय, वीतभर, काळ्या दगडातला, एक कान जरा मोठा. इथल्या विमानतळावर त्याला डिक्लेअर करावं लागलं होतं. अधिकाऱ्यानं विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "दगड." त्यानं पुन्हा विचारलं, "कुणी केलाय?" मी म्हटलं, "ओळखीच्या माणसानं."

ओळखीच्या माणसानं! बापाला.

ठरवलंय. त्रेचाळीसातली टीना झाली. उरलेल्या बेचाळीस जणांना मी स्वतः फोन करणार आणि विचारणार. आवाज खाली न आणता.

मंगळवार, १८ मार्च

काल डब्याच्या सुट्टीत सात फोन केले. पहिल्याला घाम फुटला होता. सातव्याला आवाज सरळ होता. मी म्हणतो, "तुमच्या अर्जातलं एक पान मी तुम्हाला नीट विचारलं नव्हतं. चूक माझी आहे. आता विचारतो. उत्तर द्यायचं नसेल तर तसं तुमच्या हातानं लिहून द्या. तुमच्या वतीनं मी काही लिहिणार नाही."

सामोआचा तो म्हातारा पाद्री निघाला. म्हणाला, "आम्हाला वाटलं तुला घाई आहे." एका शेतकऱ्यानं विचारलं, "मी कोण? कीवी, इथलाच, दुसरं काय? ते लिही." म्हटलं, मी लिहिणार नाही, तुम्हीच येऊन लिहा. तो चक्क आला, गमबूट घालून, आणि लिहून गेला. एक बाई भडकली, "तुम्हाला काय करायचंय?" मीही तिच्या जागी भडकलो असतो. तिला सांगितलं, असं का मोजतात ते. ती म्हणाली, "तरी नाही." मी म्हटलं, "मग 'नाही' असं लिहून द्या, तोही जबाबच आहे." तिनं तसं लिहून पाठवलं आणि खाली 'थँक्स' लिहिलं. त्याचा अर्थ लागला नाही.

शनिवार, २२ मार्च

रुळांचं काम चालू आहे म्हणून काल गाडीऐवजी बस होती. बसमध्ये लिहिता येत नाही, म्हणून आज लिहितोय.

ग्लेनिसला कळलं. "ग्राहकांना फोन करून चूक कबूल करतोस? कुणी तक्रार केली तर?"

"चूक झालीय, म्हणून कबूल करतोय."

"पॅट, पेटोनीचा तो पोरगा सगळी पानं भरून बसलाय. त्याच्याकडे एकही कोरं नाही."

"त्यानं विचारून भरलीत?"

ग्लेनिस खिडकीबाहेर बघू लागली. "तुला नोकरी नकोय का?"

हवी आहे. वय एकोणपन्नास. अनुष्काचं कॉलेज दोन वर्षांवर आलंय. या वयात या देशात कोण नवं टेबल देणार? मी तिला हे सगळं सांगितलं. मग म्हणालो, "पण अंदाजानं लिहिलेल्याखाली मी सही करणार नाही. एकदा केलेला अंदाज किती वर्षं चालतो, ते मला माहीत आहे."

"म्हणजे?"

तिथे सांगायला हवं होतं. "असंच," म्हटलं आणि बाहेर आलो.

शुक्रवार, २८ मार्च

बेचाळीसपैकी एकोणतीस जणांनी पान भरलं. आठ जणांनी 'सांगायचं नाही' असं स्वतः लिहून दिलं. चार जण सापडतच नाहीत. एकाचा फोन बंद, एक ऑस्ट्रेलियाला गेला, दोघांच्या दारात दोनदा चिठ्ठी टाकून आलो.

उरले प्रमोद. त्यांना फोन मी सगळ्यांत शेवटी ठेवला होता. का ठेवला, ते लिहीत नाही.

काल ग्लेनिसनं त्या चार पानांवर स्वतः पेन्सिलीनं टिका करून आणल्या. एका नावाला एशियन, दोन नावांना युरोपियन, एकाला पॅसिफिक. "चारच तर आहेत, पॅट. यावर सही कर, बाकी तुझं काम मी सोन्यासारखं म्हणून पाठवते." मी म्हटलं, "ग्लेनिस, तू कर सही." ती म्हणाली, "मी त्यांना कधी भेटलेही नाही." मी म्हटलं, "अर्धा तास समोर बसलो, म्हणून मीही त्यांना ओळखत नाही."

सोमवार, ३१ मार्च

आज गाडीत जागा मिळाली नाही. वही खांबाला टेकवून लिहितोय, अक्षर भयंकर येतंय.

काल पाडवा. हॉलच्या मागच्या हिरवळीवर गुढी. वारा इतका की गुढीवरचा खण सारखा काठीला गुंडाळत होता. कडुलिंब इथे मिळत नाही, म्हणून मंडळातल्या मृणालिनीनं मेथीदाणे आणि गूळ ठेवला होता, "कडू ते कडू," म्हणून. मी पान घडी करून खिशात नेलं होतं. गुढी उभी राहिल्यावर प्रमोदांना बाजूला घेतलं.

"प्रमोदराव, एक सही राहिलीय. आणि हे पान तुम्ही भरायचं आहे."

त्यांनी वाचलं. "एथ्निसिटी? अरे श्रीपतराव, लिहा ना इंडियन! मला बघून कळत नाही का?" आजूबाजूचे दोघं-चौघं वळले. प्रमोदांना ऐकणारे लागतातच. "काय मंडळी, पवारांना अजून शंका आहे मी कुठला! आम्ही तर यांना नुसत्या आडनावावरून ओळखलं."

"चुकीचं ओळखलंत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मी शहाण्णव कुळी नाही. मराठाही नाही. वडार आहे. माझा बाप दगड फोडायचा. आई दारोदार पाटे टाकवायची. तुमच्या आजीचा पाटाही कदाचित आमच्यातल्याच कुणी टाकवला असेल."

आवाज खाली गेला नाही. मला स्वतःलाच तो मोठा वाटला. सुखदावहिनींच्या हातात मेथी-गुळाची वाटी तशीच राहिली. मग प्रमोद म्हणाले, "अहो, आम्हाला काय फरक पडतो! आपल्यात असलं काही नसतं इथे."

"नसेल," मी म्हटलं. "मग दहा वर्षं मला शहाण्णव कुळी का म्हणत होतात?"

ते लाल झाले. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. त्यांनी पेन मागितलं. पान माझ्या पाठीवर ठेवून भरलं आणि सही केली. देताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "रत्नागिरीला आजीकडे पाटा होता. कोण टाकवायचं, ते मी कधी विचारलं नाही."

परत येताना गाडीत मागून अनुष्का म्हणाली, "बाबा, व्हॉट्स वडार?" सोळा वर्षांत तिनं हा शब्द पहिल्यांदा ऐकला होता, तोही सगळ्यांबरोबर. सांगितलं. मंदाआत्याचंही सांगितलं. वसुंधरा पुढे बघून गाडी चालवत होती. अनुष्का मग म्हणाली, "वेट. मारुती... आजोबा मेड दॅट? तू सांगितलंच नाहीस!"

"कुणी विचारलं नाही."

"सो? यू कुड हॅव जस्ट सेड."

वसुंधरा म्हणाली, "बरं." या वेळी मला कळलं, मी कुणाला जपत होतो.

बुधवार, २ एप्रिल

सोमवारी सत्तावन्न पानांखाली सही केली. चार पानांवरची पेन्सिल खोडली आणि लिहिलं, 'अर्जदाराशी संपर्क झाला नाही. माहीत नाही.' त्याखालीही सही केली, पूर्ण नाव लिहून. ग्लेनिसनं पाकीट बंद केलं. म्हणाली, "हट्टी माणूस आहेस." शिवी होती की शाबासकी, कळलं नाही.

टीना आज येणार आहे. फेरविचाराचा अर्ज आम्ही दोघं मिळून लिहिणार आहोत. तिची आई आणि भाऊ कमावणारे म्हणून मोजले जावेत, असा. मंजूर होईल की नाही माहीत नाही. निदान कुणाला नाकारलं हे मोजलं जाईल.

सोमवार, १४ एप्रिल

शनिवारी हनुमान जयंती झाली. पहाटे मारुतीला शेंदूर लावला. अनुष्का आपण होऊन उठून आली आणि फोटो काढून मंदाला पाठवला. मंदाचा उलटा फोन आला. तिनं पोरीला वडारीत काहीतरी विचारलं. पोरीला कळलं नाही, म्हणून मी उत्तर दिलं. तीस वर्षांनी तोंडातून ती बोली निघाली. जरा अडखळली, पण निघाली. मी म्हटलं, "मंदे, त्या दाखल्याचं..." ती म्हणाली, "राहू दे." मी म्हटलं, "नाही राहू देत." मग बोललो, तासभर. काय बोललो, ते तिचं आणि माझं.

शुक्रवारी हेड ऑफिसचं पत्र आलं. जुलैपासून टेबल पेटोनीच्या मुलाला. ग्लेनिसनं ते मला स्वतः वाचून दाखवलं. दार लावून घेतलं होतं. "मी लिहिलं होतं त्यांना, तुझ्यासाठी. चार पानांवर अडले." म्हटलं, "अडू दे." खरं सांगतो, भीती वाटते. पण त्या चार जणांचा विचार आला की ती भीती परवडते.

टीनाच्या अर्जावर अजून उत्तर नाही.

गुड फ्रायडेच्या आधीचा हा शेवटचा सोमवार. ऑफिसात गेलो की पहिलं काम ठरलंय. ड्रॉवरमध्ये फेब्रुवारीपासून माझं स्वतःचं पान पालथं पडलंय, नोकरांसाठीचं. ते उताणं करायचं. एशियनवर टिक, इंडियनवर टिक. खाली एक रिकामी ओळ आहे, 'आणखी काही सांगायचे असल्यास.' त्यावर लिहायचं, वडार. नावाच्या जागी श्रीपती मल्हारी पवार. ग्लेनिस विचारेल, याचा उच्चार कसा करायचा. शिकवीन. जुलैपर्यंत वेळ आहे.

आणि दहा वाजता एक नवं जोडपं येणार आहे. आडनाव वाचून काही अंदाज केलेला नाही. त्यांना विचारणार आहे.

वॉटर्लू आलं.